दारिनाने उचललेला राजा

बुद्धिबळाचा हा डाव जिंकला की पंधरा वर्षांची दारिना ग्रँडमास्टर होणार होती, आणि नेमकी बाहेरून रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली. युक्रेनमधल्या तिच्या क्लबात हल्ल्याचा भोंगा वाजला की सोंगट्या घेऊन तळघरात पळायचं. त्या सवयीने तिने राजा उचललासुद्धा! मग आठवलं, आपण स्पेनमध्ये आहोत.

"हात लावलास ना पोरी? आता राजाच हलव," समोरचे मिशाळ ग्रँडमास्टर खुशीत म्हणाले. नियमच तसा. रडवेल्या दारिनाने राजा एक घर सरकवला.

त्यांचं मिशीतलं हसू मावळलं. तिने पटाकडे पाहिलं. राजामागच्या हत्तीची वाट मोकळी झाली होती. शह आणि मात!

"आधीच दिसलं होतं ना तुला?" त्यांनी विचारलं.

"छे हो आजोबा," ती खुदकन हसली, "तुमच्या तोंडाकडे बघून कळलं!"