सहा बाटल्यांचा कोर्स

धाकटीने पिशवी काउंटरवर उपडी केली, तेव्हा ताई आधी हसलीच. सहा बाटल्या, सगळ्या रिकाम्या. एक घरंगळत थेट खोकल्याच्या औषधांपाशी जाऊन थांबली.

"अगं, औषधांचं दुकान आहे माझं. भंगाराचं पुढच्या गल्लीत."

"बघ तरी. एक गोळी चुकवली नाही. पाहुण्यांकडे गेले तरी डबीत घालून नेल्या."

ताईला बरं वाटलं. धाकटी म्हणजे मुलखाची विसरभोळी. दूध गॅसवर ठेवून शेजारी गप्पा छाटायला जाणारी. तिला सहा महिने गोळ्या घ्यायला लावणं म्हणजे खायचं काम नव्हतं. पण ताई हात धुऊन मागे लागली होती. आई छातीच्या कॅन्सरने गेली, तेव्हा शेवटपर्यंत दोघींनीच तिचं सगळं केलं होतं. म्हणून कंपनीचा माणूस या बाटल्या घेऊन आला, यानं हॉर्मोन ताळ्यावर राहतात, कॅन्सर जवळ फिरकत नाही म्हणाला, तेव्हा ताईने सोबतचा कागदसुद्धा नीट वाचला नाही. पहिली बाटली उचलून धाकटीच्या हातात दिली. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते तेच तिलाही सांगितलं, कोर्स अर्धवट सोडायचा नाही.

"काल शेवटची गोळी घेतली," धाकटी म्हणाली. "आता सांगायला हरकत नाही."

"काय सांगायला?"

धाकटी काउंटरला वळसा घालून आत आली. खोक्यांच्या थप्पीमागे, ताई डबा खायला बसते तिथे, तिने ताईचा हात धरला आणि आपल्या काखेखाली नेला.

कपड्यावरूनही ताईच्या बोटांना ते लगेच लागलं. कडक. दाबलं तरी जागचं न हलणारं. आईचं असंच होतं. अगदी असंच.

"कधीपासून?"

"दुसरी बाटली उघडली तेव्हा वाटाण्याएवढं होतं."

"आणि तू आज सांगतेस?"

"डॉक्टरांकडे गेले असते तर त्यांनी आधी या गोळ्याच बंद केल्या असत्या. मग घेतलेल्या सगळ्या वाया. म्हटलं, एवढा कोर्स होऊ दे, गोळ्यांना काम तर करू दे. दुखत नाही गं. दुखलं असतं तर आले असते."

ताई खोक्यावर बसली. पाच महिने. रोज जेवण झालं की तिने फोन करून विचारलं होतं, गोळी घेतलीस का. बरी आहेस का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

"चल," ती कशीबशी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे. शटर ओढते मी."

"गिऱ्हाईक उभं आहे बघ."

कोपऱ्यावरचा शिंपी होता. एक गाल टम्म सुजलेला, हातात दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. ताई उठली. पाच दिवसांच्या गोळ्या मोजून पाकिटात घातल्या, वर 'सकाळ-संध्याकाळ' लिहिलं. तिचं अक्षर तिलाच लागेना.

"दोन दिवसांत सूज उतरली तर बंद केल्या चालतील ना?" शिंप्याने विचारलं.

ताईने तोंड उघडलं. तीस वर्षं याच काउंटरवर, दिवसातून दहा वेळा म्हटलेलं वाक्य. तिच्याने ते बोलवेना.

"नाही चालणार," मागून धाकटी म्हणाली. रिकाम्या बाटल्या ती एकेक करून परत पिशवीत भरत होती. "कोर्स पूर्ण करायचा. ताई सगळ्यांना सांगते."