प्लेटखालचा रंग

मुलीनं चौथा स्क्रू काढला आणि गिटारीची मान सुटून तिच्या हातात आली. तिनं ती बाबांपुढे धरली. टेबलापलीकडे वेल्डर उभा होता.

"चारपर्यंत थांबतो म्हणालाय विकणारा," वेल्डर म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे त्याच्या. काका, तुम्ही एकदा हो म्हणा, की मी सुटलो."

सव्वातीन झाले होते. जुनी इलेक्ट्रिक गिटार खरी की बनावट हे ठरवायला लोक याच दुकानात यायचे, आणि बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ही गिटार तपासायला आणता यावी म्हणून वेल्डरनं आपली मोटरसायकल विकणाऱ्याच्या दारात तारण ठेवली होती. सौदा पटला तर ती तिथेच राहणार होती. बसमधून तो गिटार मांडीवर घेऊन आला होता, तापातलं पोर डॉक्टरकडे न्यावं तसा.

बाबांनी मानेच्या पाठीवरून अंगठा फिरवला. लाकडाचा वास घेतला. मग एरवी गिटारीच्या पोटात दडलेलं टोक त्यांनी खिडकीकडे धरलं.

"हं. साठ सालानंतरची. ही बघ तारीख, पेन्सिलीनं घातलेली. कारखान्यातली माणसं घालायची तेव्हा."

वेल्डर वाकला. "कुठंय, काका?"

"आहे. पुसट झालीय."

मुलीनंही पाहिलं. तारीख नव्हती. वाळलेल्या सरसाचा एक डाग होता.

हल्ली बाबा चहा कपाबाहेर ओतत. दुकानात कुणी आलं की तो माणूस बोलेपर्यंत गप्प राहत, आणि आवाज ऐकला की मग तोंडभर हसून नावानं हाक मारत. तिनं विचारलं होतं, तेव्हा "चष्म्याचा नंबर बदललाय" एवढंच म्हणाले होते. विषय तिथंच मिटला होता. म्हणजे दोघांनी मिळून मिटवला होता.

"बाबा, पुढची प्लेट काढू?"

"कशाला? मानेनं सगळं सांगितलं की."

"उघडलीच आहे तर बघते."

तारांखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या प्लेटचे स्क्रू तिनं काढले. एवढ्या वर्षांत गिटारीचा लाल रंग उडून फिका, विटकरी होतो. पण प्लेटखाली ऊन पोचत नाही. तिथे तो नव्यासारखा लालभडक राहायला हवा.

तिनं प्लेट उचलली. खालीही तोच विटकरी रंग होता. काठाला रेघसुद्धा नव्हती. कुणीतरी तिला रंगवतानाच म्हातारी करून ठेवली होती.

"अस्सल आहे," बाबा म्हणाले. "घेऊन टाक."

वेल्डरचा चेहरा असा उजळला, की तिला तिकडे बघवेना. त्यानं खिशातून फोन काढला. भाजल्याच्या डागांनी भरलेल्या बोटानं तो नंबर शोधू लागला. "सांगतो त्याला, ठरलं म्हणून."

परक्या माणसासमोर बाबांचा शब्द खोडायचा? फोनवर नंबर शोधणारं त्याचं बोट खाली खाली सरकत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "बाबा, प्लेटखाली आणि बाहेर रंग एकच आहे."

"नीट बघ."

"बघितलं."

"परत बघ म्हणतो ना!"

"बाबा, तुम्ही बघा." तिनं गिटार त्यांच्यापुढे सरकवली.

बाबा वाकले. इतके, की नाक लाकडाला टेकलं. मग त्यांनी बोट टेकवलं आणि प्लेटचा काठ जिथं होता तिथून ते हळूहळू आतबाहेर फिरवलं. रंग बोटाला कळत नाही. तरी ते फिरवत राहिले. वेल्डर एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"काका?"

बाबा सरळ झाले. "ही म्हणते तेच खरं. मला दिसलं नाही."

वेल्डरनं फोन परत खिशात ठेवला. म्हणाला, "म्हणजे गाडी परत आणू?"

"आणा," ती म्हणाली. "चारच्या आत पोचा."

तिनं मान आणि प्लेट बसवून भराभर सगळे स्क्रू पिळले. गिटार काखोटीला मारून तो दारापर्यंत गेला, वळला. "येतो, काका," एवढंच म्हणून तो पळाला.

ती स्क्रूड्रायव्हर पुसत राहिली. आता बाबा ओरडतील, असं तिला वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन-तीन महिने झाले असतील."

"मला वर्ष झालं," बाबा म्हणाले. "या वर्षात मी किती जणांना हो म्हटलं?"

तिला आठवावं लागलं नाही. "सात."

"लाव फोन. एकेकाला लाव."

"काय सांगू?"

"गिटार घेऊन या म्हणावं. परत बघायची आहे. या खेपेला मुलगी बघेल."

तिनं पहिला नंबर लावला. पलीकडून लगेच आवाज आला. "ताई! अहो, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच या गिटारीवरून काकांचं नाव निघालं होतं. थांबा, ऐकाच जरा."

तिला बोलायला वेळच मिळाला नाही. पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा खट् आवाज झाला, आणि वाजवणं सुरू झालं.

बाबांनी हात पुढे केला. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. गिटार फार सुरेख वाजत होती.