चौथा शेवट

कुंडलिक विहिरीत पडून मेला. मालनने तसं सांगितलं, तेव्हा गादीवर बसल्या बसल्या तो नुसता "हं" म्हणाला आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.

नाहूरच्या या नवरा-बायकोच्या दोन खोल्यांत हा खेळ पंधरवड्यापूर्वी आला होता. पुतण्या नंदकिशोर मस्कतहून सुट्टीवर येताना टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आला आणि परत जाताना तो काकांसाठी ठेवून गेला. खेळाची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, ती बराच वेळ किंचाळायची, मग काळ्या पडद्यावर इंग्रजी वाक्यं उमटायची. तुम्ही एका बेटावर आहात. समोर किल्ला आहे. डावीकडे पायवाट जाते. आपण काय करणार ते टाइप केलं, की गोष्ट त्या वाटेने पुढे सरकायची. वाटा पुष्कळ होत्या. शेवट चार. तिन्हींत माणूस बेटावरच राहायचा, एकात सुटायचा.

चित्रं एकही नव्हती, म्हणून तर नंदकिशोरने तो ठेवला होता. काचबिंदूने कुंडलिकचा एक डोळा गेल्या वर्षी गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्याचाही उपयोग झाला नव्हता.

ऑपरेशननंतर कुंडलिकने दाढी करायचं सोडलं होतं. भांडुपच्या कारखान्यातले सोबती भेटायला आले, तर झोपल्याचं सोंग घ्यायचा. खेळ लावला, की मात्र तो उठून बसायचा. त्या कारखान्यात त्याने आयुष्यभर नकाशे काढले होते. किल्ल्यातला प्रत्येक दरवाजा आणि प्रत्येक वळण त्याने डोक्यात नीट मांडून ठेवलं होतं. मालनचं इंग्रजी दहावीपर्यंतचं. अक्षरांखाली बोट धरून ती वाचायची आणि मग मराठीत सांगायची. सुरी दिसली की ती "कनाइफ" म्हणायची, आणि कुंडलिक प्रत्येक वेळी तिला सुधारायचा.

तीन शेवट त्यांना सापडले होते. एकात विहीर. एकात तळघरातली कैद. तिसऱ्यात माणूस त्याच किल्ल्याचा पहारेकरी होऊन म्हातारा व्हायचा. तो ऐकून कुंडलिक दिवसभर जेवला नव्हता.

"हे शेवटचं गो," तो आता म्हणाला. "या वेळी नाही सुटलो, तर नंदूचं मशीन बांधून ठेव. मला परत परत सुरुवात करायची ताकद नाही."

तो खेळाबद्दलच बोलतोय की आणखी कशाबद्दल, हे विचारायचा मालनला धीर झाला नाही. तिने खुर्ची पुढे ओढली.

रविवारची दुपार होती. कुंडलिक न अडखळता एकेक वाट सांगत गेला आणि मालन एकेक अक्षर शोधून दाबत गेली. किल्ल्याच्या मुदपाकखान्यामागे एक अरुंद जिना होता. तो खाली काळोखात जायचा, म्हणून दर वेळी त्यांनी तो टाळला होता. कुंडलिक थोडा थांबला, आणि मग त्याने जिना उतरायला सांगितलं.

मालनने टाइप केलं. पडद्यावर दोनच ओळी आल्या. जिना कोसळला होता आणि माणूस त्याच विहिरीत पडून मेला होता. त्याखाली मशीन विचारत होतं, पुन्हा खेळणार का?

"काय आलं?" कुंडलिकने विचारलं.

मालनने त्या ओळी पुन्हा वाचल्या. त्यांत दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

"जिना संपला," ती म्हणाली. "खाली दार आहे."

कुंडलिक गादीवर पुढे सरकला. त्याने दार उघडायला सांगितलं. मालनने कळांवर नुसती नखं वाजवली. मग तिने सांगितलं, की दार उघडलं, बाहेर खाडी आहे, भरतीचं पाणी पायरीपर्यंत आलंय आणि पायरीला एक होडी लागलेली आहे. होडीत एक माणूस बसलाय.

"तो काही म्हणतो?"

"म्हणतो, मी तुमचीच वाट बघतोय."

"इंग्रजीत कसं लिहिलंय ते?"

मालनला शाळेतला बाक आठवला, बाई आठवल्या, पण वाक्य काही जुळेना.

"आय ॲम वेट फॉर यू," ती म्हणाली.

असलं इंग्रजी घालून कुणी कॅसेट विकायला काढली नसती, हे कुंडलिकला तिच्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्याचे ओठ हलले. आता तो वाक्य सुधारेल, मग पडदा नीट वाचायला सांगेल, आणि मग सगळंच संपेल, असं वाटून मालनने खुर्चीची कड घट्ट धरली.

त्याने हात पुढे केला. हवेत थोडा चाचपडून तो तिच्या खांद्यावर येऊन टेकला.

"होडीत दोघांना जागा आहे का," तो म्हणाला, "तेवढं नीट वाचून सांग."

मालनने पडद्यावरची नजर काढली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत ती पुढचं वाचायला लागली.