हिरवा बिल्ला

शेळीपालन संस्थेचे चेअरमन सफरचंदं घेऊन तापाच्या वॉर्डात आले, तेव्हा पारूनं पिशवी हातातही घेतली नाही. तिचा नवरा बेशुद्ध होता. माणसाला जडेल असा रोग शेळीच्या अंगात शिरला, की तिच्या कानातला हिरवा बिल्ला दोन दिवसांत लाल होई. सोमवारी चाळीस बिल्ले लाल झाले. बाजाराला निघालेला शेळ्यांचा ट्रक तपासणी नाक्यावर अडेल म्हणून चेअरमननी संस्थेत कामाला असलेल्या तिच्या नवऱ्याला ते कापून नवे हिरवे मारायला लावले. हातमोजेसुद्धा दिले नाहीत.

"वहिनी, काही लागलं तर सांगा."

नवऱ्याच्या खिशात उरलेला कोरा हिरवा बिल्ला पारूनं चेअरमनच्या तळहातावर आपटला.

"शेळ्या अशाच बऱ्या केल्यात ना तुम्ही? मग ह्यांच्याही कानात मारा."