सासऱ्यांचं अर्थिंग

सासरे आणि जावई वीज कंपनीच्या एकाच गँगमध्ये तारा दुरुस्त करायचे. त्या सकाळी लाइन बंद करून जावई शिडीवर पाय ठेवणार, तोच सासऱ्यांनी दंडाला धरून त्याला मागे ओढलं.

"अहो मामा, स्विच मीच पाडलाय, कुलूपही लावलंय. आता अर्थिंग करण्यात अर्धा तास कशाला घालवायचा?"

"जावईबापू, बंद लाइन आणि रुसलेलं माणूस गप्प आहे म्हणून थंड आहे, असं समजू नये."

काम संपेपर्यंत तार जमिनीला जोडून ठेवायची, हा सासऱ्यांचा नेमच होता. त्यांनी वायरचं एक टोक जमिनीतल्या खुंटीला बांधलं आणि दुसरं लांब काठीने वरच्या तारेला लावलं.

तट्ट! चांगली मोठी ठिणगी उडाली. जावई पांढराफटक पडला.

"कुणीतरी घरात जनरेटर लावून थेट बोर्डात जोडलाय," सासरे म्हणाले. "त्याची वीज उलटी तारेत आली. तुम्ही चढला असतात तर आज माझी मुलगी..."

भीती ओसरली तसा जावई भडकला. "कोण हा दीडशहाणा? नुसतं नाव कळू दे, तक्रारच ठोकतो!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्या हातात रबरी मोजे होते, म्हणून सासऱ्यांनीच तो खिशातून काढून स्पीकरवर लावला.



"अहो, तुम्ही रविवारी जोडून दिलेला जनरेटर आत्ता ठप्पकन बंद पडला. जरा बाबांना विचारता का, काय झालं असेल?"