कनुंगा ओढ्यातला एक मासा

फटफटायच्या आधीच गचांजा मास्तरांनी गोठ्यामागच्या दगडी डोणीवरचं पोतं उचललं आणि आत वाकून बघितलं. मासा जिवंत होता. झऱ्याचं पाणी नळीतून डोणीत पडत होतं आणि वीतभर लांबीचा तो ट्राउट त्यात गोल गोल फिरत होता. आदल्या दिवशी डोंगरापलीकडच्या मत्स्यशेतीतून आणलेला. सिमेंटच्या टाकीत वाढलेला, त्यामुळं शेपूट घासून पार बोथट झालेली.

"मेलं नाही ना ते ध्यान?" न्याकिओनं दारातूनच विचारलं. मासा म्हणजे पाण्यातला साप, असं तिच्या आईनं तिला लहानपणीच पढवलं होतं. आणि नवरा मिळाला तो गळ टाकणारा! तोही असा, की मासा पकडायचा आणि परत सोडून द्यायचा. या खुळाला काय म्हणावं हे तिला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

"नाही मेला. आता नीट ऐक," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "मला त्या अधिकारीण बाईंना आणायला फाट्यावर जायचंय. तू हा बादलीत घे आणि मुगुमोच्या झाडाखालच्या डोहात सोड. कुणाला दिसता कामा नये. आपल्या क्लबातल्यांनासुद्धा."

"म्हणजे कॉपी करायची."

मास्तरांनी मान खाली घातली. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, कॉपी करणाऱ्या पोरांना भर उन्हात उभं केलं, आणि आता ही वेळ.

पण करणार काय? कनुंगा ओढ्यावरचा गळवाल्यांचा क्लब म्हणजे सगळी मिळून अकरा टाळकी. सहा वर्षं दर शनिवारी घरची कामं टाकून ती ओढ्यावर राबली. काठावरची पाणीपिती निलगिरी तोडली, बांबू लावले, गुरं आत शिरू नयेत म्हणून कुंपण घातलं, माशांची पिल्लं आणून सोडली. आणि मागच्या साली दुष्काळ पडला. डोह घोट्याएवढा झाला. पाऊस परत आला, पाणी परत आलं, पण ट्राउट काही कुणाला दिसला नाही.

आज मत्स्यखात्याच्या बाई बघायला येणार होत्या. दिवसभरात एक जरी ट्राउट गळाला लागला तरी ओढा राखीव राहणार. नाही लागला, तर वरच्या अंगाला गुलाबाच्या मळ्याचा पंप बसणार. मग ओढा कसला, नुसती गोट्यांची वाट.

"अगं, सहा वर्षं गं," मास्तर म्हणाले.

न्याकिओनं त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली. "मी बघते काय ते. निघा तुम्ही. आणि त्या अळकुड्या खाऊन जा, उपाशीपोटी खोटं बोलवत नाही माणसाला."

मत्स्यखात्याच्या जेबेटबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या, पण नजर करडी. वरच्या टोकापासून एकेका डोहावर त्या गळ टाकत निघाल्या. मागून सगळा क्लब वरातीसारखा.

"बाई, आमचे मासे लाजाळू आहेत," चहावाला कमोथो म्हणाला. "सरकारी टोपी दिसली की दडून बसतात."

बाईंनी टोपी काढून त्याच्याच डोक्यावर ठेवली. "आता तुमच्यामुळं दडतील."

सगळे हसले. पण दुपार झाली, पाच डोह झाले, आणि हसणं बंद पडलं. क्लबातली सगळ्यात म्हातारी वामाइथा स्वतः लावलेल्या बांबूला धरून उभी राहिली.

चारच्या सुमाराला मंडळी मुगुमोखालच्या डोहाशी आली. मास्तर सगळ्यांच्या मागं सरकले. बाईंनी पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टाकली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दोरी ताणली गेली.

मग काय विचारता! कमोथो बुटांसकट पाण्यात उतरला. वामाइथानं आनंदाच्या आरोळ्या घातल्या; रीतीनं मुलगा झाला तर पाच घालायच्या, मुलगी झाली तर तीन, हिनं आठ घातल्या. मास्तर तेवढे लांब उभे होते.

"मास्तर, इकडे या," बाईंनी जाळीतला मासा दाखवला. "ही शेपूट बघा तरी! कात्रीनं कापल्यासारखी कशी रेखीव आहे."

"हो, छान आहे," मास्तर समोरच्या काठाकडं बघत म्हणाले.

बाईंनी मासा मोजला, वहीत लिहिला, परत पाण्यात सोडला. "ओढा तुमचा," त्या म्हणाल्या. कमोथोनं मास्तरांना मिठी मारली आणि मास्तरांना रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. गोठ्यात गाय हंबरत होती. मास्तरांनी कोट न काढताच कागद घेतला आणि लिहायला बसले. न्याकिओनं चहा आणून ठेवला, तो निवला.

"काय लिहिताय?"

"बाईंना पत्र. तो मासा ओढ्यातला नव्हता, मी आणवलेला होता, बाकी कुणाचा दोष नाही." त्यांनी डोळे पुसले. "ते सगळे नाचत होते गं, आणि मला कुणाच्या तोंडाकडं बघवेना. सकाळी नेऊन देतो. सहा वर्षं गेली पाण्यात, जाऊ देत. पण हे नाही सोसत मला."

न्याकिओनं पत्र उचललं, शेवटपर्यंत वाचलं आणि नवऱ्याकडं बघत राहिली. हाच माणूस तिला हवा होता. तिनं कागदाची घडी केली आणि चुलीत सारली.

"अगं, काय करतेस!"

"न्जोकीचे बाबा, आधी उठा, आणि तो तुमचा मासा डोणीतून काढा," ती म्हणाली. "गाय सकाळपासून पाण्याला तोंड लावेना."