ताटाएवढा पडदा

"ताई, मासा दिसला की याचा अलार्म जोरात वाजतो," मी हौसेने घेतलेल्या बोटीवर मासे शोधणारं पहिलं यंत्र, फिशफाइंडर, बसवत विक्रेता म्हणाला.

"वाजून काय उपयोग? माझ्या वडिलांना सहा वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही."

तेवढ्यात आबांनी सवयीने वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं आणि दांडा कानाला लावला. घोळ मासळी पाण्याखाली आवाज काढते. वल्ह्यातून तो ऐकूनच आबांनी आयुष्यभर जाळी टाकली होती. आता त्यांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली.

विक्रेत्याने दुसरं मॉडेल जोडलं. त्याला अलार्म नव्हता, पण पडदा ताटाएवढा! बोट खडकाजवळ पोचताच निळ्या पडद्यावर माशांच्या पिवळ्या कमानी उमटल्या. एक, तीन, मग मोजताच येईनात.

मी आबांना दंडाला धरून ओढलंच. ते पडद्यावर वाकले. सगळ्यात जाड कमानीवर त्यांनी बोट टेकवलं आणि त्यांच्या घशातून घोळीचा हुबेहूब आवाज निघाला, "टुर्र... टुर्र... टुर्र!"

मागे वायर गुंडाळणारा विक्रेता दचकला. "अहो, याला तर अलार्मच नाहीये!"

"आहे की!" मी ओरडले. "हेच द्या!"